देवानं न सांगितलेलं काम

पनवेलच्या जुन्या वस्तीत ‘बेथ एल’ नावाचं यहुदी प्रार्थनास्थळ आहे. ते १८४९ साली उभं राहिलं, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या दरम्यान पहिली आगगाडी धावली त्याच्या चार वर्षं आधी. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि खारघर, कामोठे, कळंबोली या भागांना पोटात घेऊन पनवेल महानगरपालिका झाली २०१६ मध्ये. नवी मुंबईच्या या टोकाला ज्यांचा पत्ता शहरापेक्षा खूप जुना आहे अशा मोजक्या समाजांपैकी बेने इस्रायल हा यहुदी समाज एक. त्यांची मातृभाषा मराठी. आडनावं गावांवरून आलेली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर, किहीमचे ते केहिमकर.

या समाजाच्या इतिहासात यहुदी विचारातला एक फार जुना प्रश्न जिवंत झालेला दिसतो. धर्मग्रंथात देवानं जे सांगितलं ते पाळायचं, हे ठीक. पण जे सांगितलंच नाही त्याचं काय? घडून गेलेल्या गोष्टीला देवाची इच्छा म्हणून हात जोडणं निराळं आणि अजून घडायच्या गोष्टीत देवाला काय हवं असेल ते ओळखून तसं वागणं निराळं. हे दुसरं काम कसं करायचं याचा विचार यहुदी पंडितांनी दोन हजार वर्षं केला. त्याच काळात कोकणच्या किनाऱ्यावर ग्रंथ हाताशी नसलेली काही तेली कुटुंबं तो प्रश्न रोज जगत होती.

ग्रंथ नसलेली माणसं

बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. पोथ्या, सामान, सगळं समुद्रात गेलं. वाचलेल्यांनी कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या गावोगावी बस्तान बसवलं आणि तेलाचे घाणे धरले. शनिवारी घाणा बंद. म्हणून आसपासचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले.

या माणसांजवळ तोरा नव्हती, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं नव्हती. हिब्रू लिपी वाचता येणारं कुणी उरलं नव्हतं. देव एक आहे असं सांगणारी ‘श्मा’ ही प्रार्थना तेवढी तोंडात टिकली होती. सुंता असो, लग्न असो की मृत्यू, प्रत्येक प्रसंगी ती एकच प्रार्थना म्हटली जायची. आठव्या दिवशी सुंता, शनिवारचा विसावा, आणि खाण्यापिण्यातले काही नेम. सणांना त्यांनी मराठी नावं दिली होती: नव्याचा सण, दरफाळणीचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा रोजा. यांतला दरफाळणीचा सण म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी दारं लावून घेऊन घरातच उपास करायचा, बाहेरच्या कुणाशी संपर्क ठेवायचा नाही. बिरड्याचा रोजा म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास, श्रावणात मोड काढून सोललेल्या वालाच्या बिरड्यानं ओळखला जाणारा. मंदिर कुठलं, केव्हा पडलं, कुणी पाडलं, हे सांगणारं पुस्तक हाताशी नसतानाही उपास चालू राहिला.

बाराव्या शतकातले थोर पंडित मोशे बेन मैमोन, म्हणजे रामबाम, यांनी एका पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा उल्लेख केला आहे. या लोकांना तोरा ठाऊक नाही, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, आणि आठव्या दिवशीची सुंता एवढंच ते पाळतात, असा त्याचा आशय. त्या ओळींत अनेक अभ्यासकांना बेने इस्रायल दिसतात.

मग डेव्हिड राहाबी नावाचा यहुदी माणूस कोकणात आला. समाजात सांगितली जाणारी कथा अशी, की हे खरोखर आपले लोक आहेत का हे त्याला पडताळून पाहायचं होतं. त्यानं बायकांच्या हाती वेगवेगळ्या जातींची मासळी दिली आणि रांधायला सांगितली. बायकांनी मासळी निवडायला घेतली. ज्यांना पर आणि खवले दोन्ही आहेत ते मासे एका बाजूला काढले आणि उरलेले बाजूला सारले. हे आम्ही खात नाही, म्हणाल्या. लेवीय नावाच्या पुस्तकात नेमका हाच नियम आहे. राहाबीची खात्री पटली. त्यानं समाजातल्या तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवले, आणि झिराटकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांकडे पुढे काजीपद चालत आलं.

या कथेत मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते त्या बायकांचं वागणं. त्यांच्या समोर पुस्तक नव्हतं, कुणी पंडित नव्हता. कोकणात जिथे दर घराला मासळी लागते तिथे बांगडा घ्यायचा आणि कोळंबी, कुर्ल्या, मुशी सोडून द्यायची, हे आईनं लेकीला आणि सासूनं सुनेला दाखवत नेलं होतं. कारण विचारलं असतं तर बहुतेक सांगता आलं नसतं. पण आपल्याकडून देवाला काहीतरी हवं आहे आणि ते चुलीपाशी सुरू होतं, याची खूणगाठ पक्की होती.

आकाशवाणी नको

पंडितांच्या जगात याच प्रश्नाला निराळं वळण लागलं होतं. यहुदी परंपरेप्रमाणे हग्गय, जखऱ्या आणि मलाखी हे शेवटचे संदेष्टे. त्यांच्यानंतर देवानं संदेष्ट्यांच्या तोंडून बोलणं थांबवलं. जेरुसलेमच्या पहिल्या मंदिराच्या काळात मुख्य याजकाच्या छातीवरच्या पदकात ‘उरीम’ आणि ‘थुम्मीम’ असायचे. लढाईला जावं की नाही असे प्रश्न त्यांच्याद्वारे देवाला विचारले जायचे. दुसऱ्या मंदिरात ते नव्हते, असं तालमूद, म्हणजे यहुदी पंडितांच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, सांगतो. प्रश्न विचारायची सोय संपली, पण प्रश्न संपले नाहीत.

अशा वेळी माणूस खुणा शोधू लागतो. यहुदी धर्मशास्त्रानं हा दरवाजा मुद्दाम बंद केला. रामबाम यांनी आपल्या धर्मसंहितेत शकुन-अपशकुनांची यादीच दिली आहे: तोंडातला घास पडला, हातातली काठी गळून पडली, म्हणून ठरलेल्या ठिकाणी जायचं नाही, कोल्हा उजवीकडून गेला म्हणून आज घराबाहेर पडायचं नाही. मांजर आडवं गेलं म्हणून थबकणाऱ्याला ही यादी परकी वाटणार नाही. हे सारं रामबामांच्या मते निषिद्ध. अमुक झालं तर मी तमुक करीन, अशी खूण आधी ठरवून तिच्यावर निर्णय सोपवणंही त्यांनी निषिद्धच मानलं. आणि उदाहरण कुणाचं दिलं? साक्षात अब्राहामाच्या सेवकाचं. जी मुलगी मला पाणी देईल आणि उंटांनाही पाजेन म्हणेल तीच माझ्या धन्याच्या मुलाची बायको, असं त्यानं विहिरीपाशी ठरवलं होतं. समोर आली ती रिबका, म्हणून निभावलं. तालमुदातले पंडित म्हणतात की त्याची मागणीच गैर होती, कारण त्या अटीत कुणीही बसलं असतं.

याहून धाडसी गोष्ट तालमुदाच्या ‘बाबा मत्सिया’ या भागात येते. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून रब्बी एलिएझर आणि इतर पंडितांत वाद होतो. एलिएझर यांचं मत कुणी मानत नाही. ते म्हणतात, माझं बरोबर असेल तर हे झाड साक्ष देईल, आणि झाड मुळासकट उपटून दूर जाऊन पडतं. मग ओढा उलटा वाहतो. मग पाठशाळेच्या भिंती कलू लागतात. शेवटी आकाशवाणी होते की एलिएझर यांचंच बरोबर आहे. तेव्हा रब्बी येहोशुआ उभे राहतात आणि आकाशवाणीलाच उत्तर देतात: तोरा आता स्वर्गात नाही. ती माणसांच्या हाती दिली गेली आहे आणि निर्णय बहुमतानं होतो, असा त्याचा अर्थ पुढचे पंडित लावतात. पुढे एका पंडिताला एलिया संदेष्टा भेटतो. त्या वेळी देवानं काय केलं, असं पंडित विचारतो. एलिया सांगतो की देव हसला आणि मुलांनी मला जिंकलं, असं म्हणाला.

म्हणजे देवाला काय हवं हे ओळखायचं ते चमत्कारातून नाही. त्यानं जे आधी सांगितलं आहे त्याचा रोख समजून घ्यायचा, चारचौघांत बसून वाद घालायचा आणि जबाबदारी आपल्या शिरावर घेऊन निर्णय करायचा. बोलणं थांबल्यामुळे माणसाचं काम वाढलं. एवढी कडक भूमिका घेऊनही हे पंडित नास्तिक झाले नाहीत किंवा कोरडेही झाले नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हमालांची मजुरी

रोख समजून घ्यायचा म्हणजे काय, याचा उत्तम नमुना त्याच ‘बाबा मत्सिया’त आहे. रब्बा नावाच्या एका पंडितानं हमाल लावून द्राक्षारसाचं पिंप वाहून न्यायला दिलं. हमालांच्या हातून पिंप फुटलं. रब्बानं भरपाई म्हणून त्यांचे अंगरखे काढून घेतले. कायद्यानं त्याचा हक्क होता. हमाल त्या काळचे मोठे न्यायाधीश राव यांच्याकडे गेले. राव म्हणाले, यांचे अंगरखे परत दे. रब्बानं विचारलं, हा कायदा आहे? राव म्हणाले, होय, आणि भल्या माणसांच्या वाटेनं चाल असं सांगणारं नीतिसूत्रांमधलं वचन त्यांनी आधार म्हणून दिलं. रब्बानं कपडे परत दिले. हमाल पुन्हा बोलू लागले: आम्ही गरीब आहोत, दिवसभर राबलो, पोटात अन्न नाही, हाती काही नाही. राव म्हणाले, यांची मजुरीही दे. रब्बानं पुन्हा विचारलं, हा कायदा आहे? राव पुन्हा म्हणाले, होय, आणि त्याच वचनाचा उरलेला भाग सांगितला.

नुकसान रब्बाचं, मजुरी देणार रब्बा. तालमूद अशा वागण्याला ‘लिफनिम मिशुरत हादिन’ म्हणतो. कायद्यानं आखलेल्या रेषेपर्यंत हक्क बजावता येत असताना त्या रेषेच्या अलीकडेच थांबणं, असा त्याचा भाव. दुसऱ्या एका जागी रब्बी योहानान सांगतात की जेरुसलेमचा नाश झाला तो तिथल्या लोकांनी तोराच्या कायद्याप्रमाणेच न्याय केला म्हणून. पहिल्यांदा वाचताना हे उलटं वाटतं. कायदा पाळला म्हणून शहर बुडालं? पण त्यांचा रोख स्पष्ट आहे: कायद्याच्या पुढे एक पाऊलही टाकायला कुणी तयार नव्हतं. शहर उभं राहतं ते त्या जादा पावलावर.

तेराव्या शतकात स्पेनमधल्या गिरोना शहरचे मोशे बेन नहमान (११९४ ते १२७०), म्हणजे रामबान, यांनी या विचाराला पाया दिला. अनुवाद नावाच्या पुस्तकात सगळ्या आज्ञा पाळा असं सांगून झाल्यावर, जे योग्य आणि चांगलं ते करा, असं आणखी एक वाक्य येतं. आज्ञा पाळल्यावर हे वेगळं सांगायची गरज काय? रामबान म्हणतात, माणसाचं शेजाऱ्यांशी आणि मित्रांशी वागणं, त्याचे व्यवहार, त्याच्या गावाचा कारभार, हे सगळं एका ग्रंथात मावणं शक्य नाही. म्हणून तोरानं पुष्कळ उदाहरणं दिली: चहाड्या करू नको, सूड घेऊ नको, बहिऱ्याला शिव्या देऊ नको, म्हाताऱ्यासमोर उठून उभा राहा. आणि मग एकंदर सांगून ठेवलं की उरलेल्या सगळ्या ठिकाणी याच दिशेनं चाला.

रामबान यांनी दिलेलं एक उदाहरण जमीनजुमल्याचं आहे. एखाद्यानं शेत विकायला काढलं, तर ज्याचं शेत लागून आहे त्याला घेण्याचा पहिला हक्क. आपल्याकडे महसुलाच्या भाषेत ज्याला हक्कशुफा म्हणतात तोच प्रकार. तोरात असा नियम कुठेच नाही. पण शेजाऱ्याला सलग जमीन मिळाली तर त्याचं भलं होतं आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाला जमीन कुठेही मिळू शकते, म्हणून जे योग्य आणि चांगलं त्या एका वाक्यावरून पंडितांनी हा नियम काढला. न सांगितलेली इच्छा अशी थेट बांधावर उतरते.

रामबान यांचा दुसरा इशारा आणखी बोचरा आहे. सगळे नियम काटेकोर पाळूनही माणूस नीच राहू शकतो. खाणं धर्माला मान्य, पण अधाशासारखं. दारू निषिद्ध नाही म्हणून झिंगेपर्यंत. बोलण्यावर नेमका नियम नाही म्हणून तोंड सुटलेलं. अशा माणसाला त्यांनी तोराच्या परवानगीनं नीच वागणारा म्हटलं. पवित्र व्हा ही आज्ञा त्यासाठीच आहे, असं त्यांचं म्हणणं. जिथे मनाई नाही तिथेही स्वतःला आवर घालायला ती शिकवते.

अर्ध्या शब्दावरून

या सगळ्याला सर्वांत देखणं रूप दिलं ते मोशे हाइम लुझ्झात्तो यांनी. १७०७ साली इटलीतल्या पादुआत जन्मलेला हा माणूस १७४६ मध्ये अक्को इथे वारला. त्यांचं ‘मसिलत येशारीम’ हे पुस्तक १७४० मध्ये अॅमस्टरडॅममध्ये छापलं गेलं, आणि आजही यहुदी पाठशाळांत त्याचा अभ्यास होतो. त्यात ते वडील आणि मुलाचं उदाहरण घेतात. ज्या मुलाचं वडिलांवर खरं प्रेम आहे तो सांगितलं तेवढंच करून थांबत नाही. वडिलांनी एखादी गोष्ट एकदाच बोलून दाखवली असेल, कदाचित अर्धीच. मुलाला तेवढ्यावरून कळतं की त्यांचं मन कुठे आहे, आणि मग तो न सांगताही त्या बाजूचं होईल तेवढं करतो. दुसऱ्यांदा सांगायची वाट पाहत नाही. लुझ्झात्तो म्हणतात, देवाशी नातं असं असेल तर लिहिलेल्या आज्ञा ही त्याच्या इच्छेची सुरुवात आहे. त्याचा कल कुठे आहे ते त्यांवरून कळतं, आणि जिथे जिथे वाढवता येईल तिथे माणूस आपणहून वाढवत जातो.

पण याच पुस्तकात लुझ्झात्तो एक सबंध प्रकरण या वाढवण्याच्या धोक्यावर खर्च करतात, आणि तिथे त्यांचं मोठेपण दिसतं. जादा भक्ती करताना ती तोलून पाहा, असं ते बजावतात. चांगल्या दिसणाऱ्या कृतीचा शेवट वाईट होणार असेल तर ती कृती सोडून द्यायची. उदाहरण तालमुदातलं आहे. रोमच्या बादशहानं जेरुसलेमच्या मंदिरात बळी द्यायला वासरू पाठवलं. सूडानं पेटलेल्या एका माणसानं वाटेत त्या वासराला बारीकशी जखम केली. यहुदी नियमानं ते बळीला चालेना, पण रोमनांच्या लेखी त्यात काहीच खोट नव्हती. राज्याशी सलोखा राहावा म्हणून वासरू चढवावं असं पंडितांना वाटत होतं. जखऱ्या बेन अवकुलास नावाचे एक पंडित आडवे आले: लोक म्हणतील की खोट असलेलं जनावर चालतं. मग चुगली करणारा जाऊ नये म्हणून त्यालाच संपवावं असा विचार निघाला. तेव्हाही जखऱ्या म्हणाले: लोक म्हणतील की जनावराला जखम करणाऱ्याला देहदंड असतो. काहीच झालं नाही. तो माणूस बादशहाकडे गेला, आणि पुढे मंदिर जळालं. जखऱ्यांच्या या सोवळेपणानं आपलं मंदिर गेलं, असं तालमूद स्पष्ट म्हणतो.

देवाला आणखी काय हवं असेल, हे शोधणाऱ्याला म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवावे लागतात. एका डोळ्यानं आज्ञेचा रोख पाहायचा, दुसऱ्यानं परिणाम.

सामाजी दिवेकरांचा नवस

आता पुन्हा कोकणाकडे येऊ. मराठी माणसाला देवाशी बोलण्याचा जो मार्ग सगळ्यांत ओळखीचा आहे, तो नवसाचा. बेने इस्रायलांनीही तो आपला केला. यहुदी ग्रंथांना नवसाविषयी धाक आहे. शास्ते नावाच्या पुस्तकात इफ्ताह लढाईला निघताना बोलून जातो की जिंकून आलो तर माझ्या घराच्या दारातून जे प्रथम सामोरं येईल ते देवाला अर्पण करीन. सामोरी येते त्याची एकुलती एक मुलगी. तालमुदातले पंडित अब्राहामाच्या सेवकाच्या जोडीला इफ्ताहाचंही नाव घेतात: यानंही गैर मागणी केली. देवाला काय हवं याचा विचार न करता आपण त्याच्यावर सौदा लादला, की काय होतं याचं ते उदाहरण.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला सामाजी हसाजी दिवेकर उभे आहेत. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचं नाव सॅम्युअल एझिकेल दिवेकर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत ते अधिकारी होते. १७८० ते १७८४ या काळातल्या दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. समाजात सांगतात की टिपूच्या आईनं हे कैदी बेने इस्रायल आहेत असं ऐकलं. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते लोक हेच, म्हणून तिनं त्यांना जीवदान देवविलं. सुटका झाली तर प्रार्थनास्थळ बांधीन, असा सामाजींचा नवस होता. सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत ‘शार हारहमीम’ बांधलं. बेने इस्रायलांचं हे पहिलं प्रार्थनास्थळ. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचं नाव या वास्तूवरून पडलं असं सांगतात, आणि शेजारचा सॅम्युअल स्ट्रीट सामाजींच्या नावानं आहे. वास्तू झाली, पण आत तोराच्या गुंडाळ्या हव्यात. त्या आणायला सामाजी कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले.

इफ्ताहानं जे समोर येईल ते देऊन टाकू म्हटलं. सामाजींनी मात्र समाजाला नेमकं काय कमी आहे ते पाहिलं. शतकानुशतकं घरोघरी टिकलेल्या धर्माला एकत्र बसायला जागा नव्हती आणि वाचायला तोरा नव्हती. माझा जीव कशासाठी वाचला, या प्रश्नाचं उत्तर त्यांना स्वप्नात मिळालं नाही. त्यांनी ते आपल्या लोकांच्या गरजेत शोधलं. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत कोकणातही प्रार्थनास्थळं उभी राहत गेली: रेवदंड्याला १८४२, अलिबागला १८४८, पनवेलला १८४९, पेणला १८६३. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढण्यात पुढाकार घेतला आणि समाजाचा इतिहास लिहून काढला. १८८० च्या सुमारास समाजातले कीर्तनकार मराठी कीर्तनाच्या ठेक्यात अब्राहाम, मोशे यांची आख्यानं लावू लागले. यांतलं कुठलंही काम तोरात आज्ञा म्हणून लिहिलेलं नाही.

घरातला नवस फेडायचा तो मलिद्यानं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा असं ताटात कालवायचं, भोवती फळं मांडायची, गुलाबाच्या पाकळ्या ठेवायच्या, आणि एलियाहू हनबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याचं स्मरण करत हिब्रू आशीर्वाद म्हणायचे. लग्नाआधी, नव्या घरात राहायला जाताना, दुखण्यातून उठल्यावर, मूल झाल्यावर. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे गावी खडकावर एक खूण आहे. एलिया तिथून रथात बसून स्वर्गात गेला, अशी श्रद्धा आहे, आणि लोक तिथे नवस फेडायला जातात. पंडितांच्या वादात देव हसला ही बातमी घेऊन येणारा एलिया हाच. जगभरच्या यहुद्यांत तो येतो-जातो, पण पोहे-खोबऱ्याच्या ताटावर त्याचं नाव घेतात ते बेने इस्रायलच.

‘कोण जाणे’

बेने इस्रायलांचा होळीचा सण म्हणजे पुरीम. तो होळीच्या आसपास येतो. त्या दिवशी एस्तेरची कथा वाचतात. हिब्रू बायबलातल्या या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. इराणचा राजा, दरबारी हामान, यहुद्यांच्या कत्तलीचा हुकूम, आणि राणी झालेली अनाथ यहुदी मुलगी एस्तेर. तिचा पालक मर्दखय तिला निरोप पाठवतो की राजाकडे जाऊन रदबदली कर. न बोलावता राजासमोर जाणं म्हणजे मरणाशी गाठ, असं ती कळवते. मर्दखय उलट निरोप देतो. तू गप्प राहिलीस तरी सुटका दुसरीकडून होईल, असं तो सांगतो. आणि कोण जाणे, अशाच वेळेसाठी तू या पदाला पोहोचली असशील, असं सुचवतो.

न सांगितलेल्या इच्छेविषयी बोलायची ही मला सापडलेली सर्वांत प्रामाणिक रीत आहे. देवानं मला सांगितलं आहे, असं मर्दखय म्हणत नाही. तो एस्तेरला तिची जागा दाखवतो, संकट दाखवतो, आणि ‘कोण जाणे’ म्हणून निर्णय तिच्या हाती देतो. एस्तेर तीन दिवस उपास करते, लोकांनाही करायला सांगते, आणि मग जाते. खात्री झाल्यावर जायचं असतं तर ती कधीच गेली नसती.

देवाच्या इच्छेचं नाव घेऊन दुसऱ्यावर सक्ती करणाऱ्यांनी जगात पुष्कळ दुःख पेरलं आहे. बेने इस्रायलांनाही त्याचा चटका बसला. इस्रायलला स्थलांतर केल्यावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींच्या मंडळानं त्यांच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी करायचा फतवा काढला. शेकडो वर्षं ग्रंथांपासून दूर राहिलेल्यांचे घटस्फोट, विवाह धर्मनियमांप्रमाणे झाले असतील का, ही शंका. नियमाच्या चौकटीत ती बसत होती. पण पोथी नसताना ज्यांनी शनिवारी घाणे बंद ठेवले त्यांना यहुदीपणाचा पुरावा मागितला जात होता. समाजानं जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं बेने इस्रायल सर्व अर्थांनी यहुदी आहेत असं जाहीर केलं. रावांनी हमालांच्या बाबतीत जे सांगितलं होतं तेच इथे लागू होतं: नियम काय म्हणतो हे विचारून झाल्यावर भल्या माणसांची वाट कुठली, हेही विचारावं लागतं.

आपल्यापुरतं

भारतात आता काही हजार यहुदी उरले आहेत. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. रायगडातल्या कित्येक गावांत प्रार्थनेला आवश्यक दहा पुरुष जमवणंही कठीण झालं आहे. तरीही या समाजानं आणि त्याच्या परंपरेतल्या पंडितांनी मिळून जे शिकवलं ते कुठल्याही धर्माच्या, किंवा धर्म न मानणाऱ्या माणसालाही घेण्याजोगं आहे.

मला त्यातून हाती लागतं ते एवढं. पुढे काय करावं हे कळत नसेल तर आकाशाकडे खूण मागू नये. आपल्याला आधीच काय शिकवलं गेलं आहे, त्याचा कल कुठे आहे, ते नीट पाहावं. आपल्या अडचणीत शहाण्या माणसांना सामील करून घ्यावं आणि त्यांनी वाद घातला तर घालू द्यावा. हक्क बजावता येत असताना समोरच्याची दिवसभराची मजुरी आठवावी. जादा चांगुलपणा करताना त्याचा शेवट कुठे जाईल ते तोलावं. आणि एवढं करून पाऊल उचलताना, देवाची इच्छा मला पूर्ण कळली, असं कुणाला सांगू नये. ‘कोण जाणे’ म्हणावं, आणि तरीही जावं.

नवगावच्या किनाऱ्यावरून उठून गावोगाव गेलेल्या त्या कुटुंबांकडे याहून अधिक काही नव्हतं. एक प्रार्थना होती, एक विसाव्याचा वार होता, आणि देवाला आपल्याकडून काय हवं असेल हे रोजच्या कामात शोधत राहण्याची चिकाटी होती. त्याच्या बळावर ती माणसं यहुदी राहिली आणि मराठीही झाली. लिहिलेलं हरवलं तरी धर्म टिकू शकतो. न लिहिलेलं ओळखण्याची ही चिकाटी सुटली, तर ग्रंथांनी भरलेली कपाटंही त्याला तारू शकत नाहीत.